मागच्याच आठवड्यात

"फिल्टर शेवटचा कधी काढला होता, मॅडम?" त्या मुलाने विचारलं आणि मी सराईतपणे म्हणाले, "मागच्याच आठवड्यात."

साफ खोटं. फिल्टर काढून तीन महिने तरी झाले असतील, कदाचित चार. गौरी जेवल्या त्या रात्री आमचा डिशवॉशर मध्येच थांबला होता. पडद्यावर नळाचं चित्र आणि एक आकडा लुकलुकत होता, दार उघडलं तर तळाला करड्या रंगाचं पाणी साचलेलं, त्यावर तुपाच्या चांदण्या, आणि वास असा की पुरणाच्या गोड आठवणीवर कायमचा बोळा फिरावा. पुढचे चार दिवस सगळी भांडी हाताने घासली. पाचव्या दिवशी हा मुलगा आला. बूट दाराबाहेर काढून, ओट्यासमोर मांडी घालून बसला. आधी त्याने भिंतीवरचं बटण बंद केलं, मग खालची जाळी बाहेर ओढली, पेपर पसरला, आणि तो प्रश्न विचारला. उत्तर ऐकून मान डोलावली. मग फिल्टरचा गोल डबा उलट्या दिशेने फिरवून वर उचलला आणि पेपरावर ठेवला. नेमका माझ्याकडे तोंड करून.

तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

डब्याच्या बारीक जाळीवर शेवाळ्यासारखा हिरवट-काळा थर चढला होता. त्यात ओळखू येतील अशा गोष्टी होत्या: कढीपत्त्याची दोन पानं, जिरं, मोहरी (मोहरी तर असंख्य), चिंचेचं एक बुटूक, कसल्याशा डब्यावरच्या लेबलचा लगदा, आणि लसणाचं पातळ साल. ते साल काचेवर चिकटवल्यासारखं सपाट बसलेलं. त्या मुलाने मगने तळाचं पाणी उपसलं, उरलेलं स्पंजने टिपलं, बॅटरी मारून खड्ड्यात पाहिलं आणि पंपावरचं छोटं झाकण काढलं. चिमट्याने त्यातून शेवग्याच्या शेंगेचा एक लांबलचक दोरा बाहेर आला, पंख्याच्या पात्यांभोवती नीट गुंडाळलेला. त्याच्यामागून नखाएवढा काचेचा तुकडा. दोरा आणि काच, एवढंच. त्याने बोटाने पातं फिरवून बघितलं, सगळं जागच्या जागी बसवलं, बटण दाबलं. मशीन घुरघुरलं आणि सिंकखालच्या पाइपात खळखळ करत चार दिवसांचं पाणी निघून गेलं. निघताना तो म्हणाला, "आठवड्याला एकदा काढत जा." मागच्याच आठवड्यात काढला होता यावर विश्वास असता, तर हे वाक्य त्याने बोललं नसतं.

त्या दिवसापासून मला हे टोचतंय की मी खोटं का बोलले. तो मुलगा माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. घर माझं, मशीन माझं, मोहरी माझी. दंतवैद्याने "रात्री ब्रश करता का" असं विचारल्यावर माणूस खोटं बोलतो ते समजू शकतं, तिथे दात आपले असतात. पण मशीनच्या पोटातल्या घाणीची मला एवढी लाज का वाटावी? मग लक्षात आलं की लाज घाणीची नव्हतीच. आपलं खरकटं परक्या माणसाने हाताळलं, याची होती. आणि ही लाज मी साताऱ्याहून बरोबर आणलेली आहे.

साताऱ्याच्या घरी परसात दगडी मोरी होती. दुपारी दोनच्या सुमारास भांडेवाल्या बाई यायच्या. त्याआधी पाऊण तास आई मोरीशी. ताटातलं उरलंसुरलं काढून बाजूला, पातेल्यांत पाणी घालून ती भिजत टाकलेली, कढईच्या कडेची पिठल्याची खरपुडी उलथण्याने सोडवलेली. बाईंसाठी बंबाची राख चाळून वाटीत काढलेली आणि नारळाची शेंडी शेजारी. पितळेच्या भांड्यांसाठी चिंच वेगळी. "खरकटं तसंच कुणाच्या पुढ्यात लोटायचं नाही, तीही बाईमाणूस आहे," असं आई म्हणायची आणि मला ते फार आवडायचं. मात्र याच आईने बाईंचा चहाचा कप मागच्या दाराच्या खिडकीत पालथा ठेवलेला असायचा, कान तुटलेला, घरातल्या इतर कपांपासून दूर. आणि बाईंनी लख्ख घासून पालथी घातलेली भांडी आई पुन्हा एकदा स्वच्छ पाण्यातून काढूनच स्वयंपाकघरात न्यायची. माणुसकी आणि विटाळ, दोन्ही एकाच हाताने, एकाच दुपारी. मोठी झाल्यावर मी एकदा विचारलंसुद्धा. आई गवार मोडत होती. "तेव्हा तसंच होतं," म्हणाली आणि गवार मोडत राहिली. मी पुढे काही बोलले नाही. मीही एक मूठ गवार घेतली.

मशीन आमच्याकडे आलं ते टाळेबंदीमुळे. २५ मार्च २०२० पासून सोसायटीचं फाटक बंद झालं आणि मावशी बाहेर राहिल्या. पहिल्या आठवड्यात भांडी घासणं हा घरगुती उत्सव होता. दुसऱ्या आठवड्यात पाळ्या लागल्या. तिसऱ्यात नवऱ्याने आणि मी एका सटावरून दोन दिवस अबोला धरला. त्या वर्षी डिशवॉशरला एवढी मागणी होती की आमचा यायला दोन महिन्यांहून जास्त लागले. तोवर फाटक उघडलं होतं. मावशी आल्या, ओट्याखाली कपाट काढून बसवलेलं ते चंदेरी खोकं त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "ह्याला सुट्टी किती?" आम्ही हसलो. त्याही हसल्या. त्यांच्याकडे झाडू-फरशी राहिली, भांडी गेली, पगारही तेवढा कमी झाला. आम्ही "थोडं वाढवून" दिलं, पण भांड्यांचे पैसे भांड्यांचे होते आणि ते गेले, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. याच पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता. मी तेव्हा लहान होते, आणि नंतर ती गोष्ट ऐकली ती कायम घासून घेणाऱ्यांच्या बाजूने: "काय हाल झाले बाई आमचे."

या यंत्राचा जन्मसुद्धा काही भांडी घासणाऱ्या बाईच्या हातून झालेला नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावात जोसेफिन कॉक्रन नावाच्या सधन बाई होत्या. नोकरांच्या हातून त्यांच्या चिनी मातीच्या बशांचे टवके उडत, म्हणून हे यंत्र त्यांच्या डोक्यात आलं असं सांगतात. म्हणजे सुरुवात बाई ठेवूनही तिच्या हातावर विश्वास नसण्यातून. ही भावना मला फारच ओळखीची वाटते. पुढे १८८३ मध्ये नवरा गेला, मागे कर्ज ठेवून, तेव्हा हौस संपून निकड आली. २८ डिसेंबर १८८६ ला पेटंट मिळालं. (त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या होत्या. एकाच देशात, एकाच वर्षी.) १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिथल्या उपाहारगृहांनी कॉक्रनबाईंची यंत्रं वापरली. विवेकानंद बोलले ती सर्वधर्म परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेली. गिऱ्हाईकं मिळाली ती हॉटेलं. घरांत यंत्र शिरायला पुढची कित्येक दशकं गेली, कारण घराघरांत तेवढं गरम पाणी कुठून आणणार? साताऱ्याचा बंब आठवून मला ही अडचण लगेच पटली.

आमच्याकडे गरम पाण्याची अडचण नाही, पाण्याचीच आहे. वाकडला टँकर येतो. मशीन आल्यावर महिनाभरात काचेच्या पेल्यांवर पांढुरकी साय धरली. बोटाने पुसली तर जात नाही, लिंबू चोळलं तर जाते. लिंबाने जाते म्हणजे क्षार. मी मात्र आधी साबणाच्या वडीला दोष दिला, मग नवऱ्याच्या भांडी रचण्याला, मग नशिबाला. शेवटी पाण्याचा जडपणा मोजायची पट्टी आणून बुडवली तर रंग गेला लिटरला ४५० मिलिग्रॅमच्या खुणेपाशी. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक २०० पर्यंत बरं म्हणतं आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे आम्ही चालवून घेण्याच्या गटातले. मशीनची पुस्तिका तर जर्मन अंशांत बोलते. एक जर्मन अंश म्हणजे साधारण १७.८ मिलिग्रॅम, म्हणजे आमचं पाणी २५ अंशांचं, आणि मशीन कारखान्यातून आलं तेव्हापासून कुठल्या तरी गोड पाण्याच्या गावासाठी लावलेलं. आकडा बदलला. आठवड्यात पेले हसायला लागले.

मिठाची गोष्ट मात्र माझ्या मूर्खपणाची आहे. मशीनच्या तळाशी मिठाची एक टाकी असते. तिच्यालगत खसखशीएवढ्या मण्यांचा एक कप्पा. पाणी त्या मण्यांतून जाताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मण्यांना चिकटतं आणि मण्यांवरचं सोडियम पाण्यात जातं. मणी भरले की टाकीतलं खारं पाणी त्यांच्यावरून सोडायचं, चिकटलेलं सगळं सुटतं आणि गटारात जातं. हे मी वाचलं होतं. पण एका रविवारी मीठ संपल्याचा दिवा लागला, जाडं मीठ घरात नव्हतं, आणि मीठ म्हणजे मीठ असं म्हणून मी बरणीतलं रोजचं मीठ नरसाळ्याने ओतलं. त्या मिठात आयोडीन असतं आणि ते गुठळ्या होऊ नयेत म्हणून काहीबाही मिसळलेलं असतं. टाकीत त्याचा चिकट लपका बसला. कोमट पाणी घालून, ढवळून, उपसून, परत घालून अख्खा रविवार गेला. वर ओघळलेलं खारं पाणी मी तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तळाच्या स्टीलवर तांबूस ठिपके उठले. आता मीठ भरलं की लगेच एक फेरी सुरू करते, भांडी असोत नसोत. आई म्हणाली, "मिठाला जपावं लागतंच." ती लोणच्याबद्दल बोलत होती की मशीनबद्दल, देव जाणे.

आई पहिल्यांदा राहायला आली तेव्हा मशीनपुढे पाट घेऊनच बसली. "आत काय चाललंय ते दिसत नाही," हा तिचा पहिला आक्षेप. ऑम्लेटची बशी आणि देवाच्या नैवेद्याची वाटी एकाच खणात, हा दुसरा, आणि त्यावर तोडगा म्हणून नैवेद्याची वाटी आजही हातानेच घासली जाते. पण तिने शिकूनही घेतलं बरंच. मला आधी वाटायचं, आईच्या पद्धतीने भांडी विसळूनच मशीनमध्ये लावावीत. तर तसं नाही. खरकटं खरवडून टाकायचं, विसळायचं नाही. वडीत एन्झाइम असतात, एक भाताची खळ तोडतं, एक डाळ-दुधातली प्रथिनं. शिवाय आमचं मशीन पाणी किती गढूळ झालंय ते बघून फेरी ठरवतं. भांडी आधीच लख्ख करून लावली तर बिचाऱ्याला वाटतं काम थोडं आहे. "म्हणजे खरकटं तसंच पुढ्यात लोटायचं," आई म्हणाली. चाळीस वर्षांपूर्वीचं वाक्य तिने असं उलटं करून माझ्या हातात ठेवलं.

पितळ, तांबं, लोखंडी तवा, पोळपाट-लाटणं यांना आत प्रवेश नाही. ॲल्युमिनियमचंही तेच. हे माहीत असून मी एकदा कुकरचं झाकण आत लावलं आणि ते ग्रहण लागल्यासारखं काळं होऊन बाहेर आलं. आपल्या वाट्यांचाही प्रश्न आहे. या जाळ्या पसरट बशांच्या लोकांनी बनवल्यात. आपल्या खोलगट वाट्या एकमेकींत शिरून बसतात आणि आतल्या वाटीत कट जसाच्या तसा. डावाचा दांडा खाली लोंबला तर फवाऱ्याचा पंखा त्याला अडून थांबतो, मग वरची भांडी कोरडी आणि खालची दोनदा धुतलेली. दार लावण्याआधी पंखा हाताने एकदा फिरवून बघायचा, ही सवय लागायला मला वर्ष लागलं. पंख्याच्या भोकांत मोहरी अडकते, अगदी मापाने केल्यासारखी. दात कोरायच्या काडीने ती एकेक काढताना फोडणीत मोहरी कमी घालावी असा विचार येतो. तो टिकत नाही.

कपाची गोष्ट सांगायची राहिली. मावशींचा आमच्याकडे एक निळा मग आहे, जाड, जरासा टवका उडालेला. मी तो कधी वेगळा काढला नव्हता. निदान असं मी समजत होते. पण तो असायचा सिंकच्या वरच्या खिडकीत, पालथा. चहा पिऊन झाला की मावशी स्वतःच विसळून तिथे ठेवायच्या, आणि मी कधीच म्हणाले नाही की आत ठेवा. साताऱ्याची खिडकी मी पुण्यात कधी बांधली, मला कळलंही नव्हतं. ती पहिली दिसली ती नवऱ्यामुळे. त्याने एका रात्री मशीनमध्ये जागा उरली म्हणून हाताला लागेल ते भरलं आणि त्यात तो मग वरच्या जाळीत गेला, आईच्या चहाच्या कपाशेजारी. सकाळी मावशी आल्या. मशीन रिकामं करायला मी ओणवी झाले होते, त्यांनी पुढे होऊन मग उचलला, उजेडात धरून बघितला. तळाचे चहाचे डाग पार गेले होते. "चांगला निघाला की," म्हणाल्या. मी घाईघाईने म्हणाले, "आता आतच ठेवत जाऊ या, मावशी, कपाटात, सगळ्यांबरोबर." त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीत पालथा ठेवून दिला.

"राहू दे ताई. तिथं मला सापडतो."

मी यावर पुष्कळ विचार केला आहे आणि मला काही सुचलेलं नाही. आता मग रोज रात्री मशीनमध्ये जातो आणि रोज सकाळी मावशी तो खिडकीत ठेवतात.

फिल्टर मी दर शनिवारी काढते. दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी "फि." लिहिते. रात्री जेवणं झाल्यावर, स्वयंपाकघरात कुणी नसताना. डबा फिरवून वर, त्याखालची सपाट जाळी वर, जुना दात घासायचा ब्रश, नळाखाली आतून बाहेर. दाराच्या खालच्या कडेला, बिजागरीपाशी, जिथे फवारा पोचत नाही तिथे ओलं फडकं. तिथे साठतो तो गाळ बोटाला बुळबुळीत लागतो आणि त्याला तुपाचा, साबणाचा आणि ओल्या पोतेऱ्याचा मिळून एक वास असतो. दोन महिन्यांतून एकदा रिकाम्या मशीनमध्ये वाटीभर लिंबूसत्व टाकून सगळ्यात गरम फेरी. हे सगळं मला आवडतं असं नाही. पण जाळीवर आठवडाभराचं जेवण वाचता येतं: मंगळवारची मेथी, गुरुवारची साबुदाण्याची खिचडी, नवऱ्याने न सांगता खाल्लेले तीळ लावलेले काहीतरी.

परवा तोच मुलगा वार्षिक तपासणीला आला. यंदा दाढी ठेवलेली. बूट बाहेर, मांडी घातली, पेपर पसरला. आणि विचारलं, "फिल्टर शेवटचा कधी काढला होता, मॅडम?"

गेले दोन शनिवार लग्नांत गेले होते. मी मनात मोजलं. "अठरा दिवस झाले," म्हणाले.

त्याने फिरवायला घेतलेला हात थांबवला आणि वळून माझ्याकडे पाहिलं. "अठरा?" तो म्हणाला. "सगळे मागच्याच आठवड्यात म्हणतात."

आणि डबा वर काढून, या वेळी स्वतःकडे तोंड करून, पेपरावर ठेवला.